नानांना छातीत ऐकू आलेलं गाणं

अमळनेरच्या स्टँडवरून पुण्याची एसटी निघाली तेव्हा नाना, म्हणजे माझे वडील, खिडकीखाली उभे राहून ओरडले, "पोचना का फोन कर! माले ऐकू येत नही, तरी कर!" अख्खी गाडी हसली. नानांची सगळी नोकरी कापसाच्या जिनिंगमध्ये गेली. यंत्रांनी पगार दिला आणि कान घेतले. त्यामुळे आमच्या घरी सगळे ओरडूनच बोलत. नव्या पाहुण्यांना वाटे, भांडण चाललंय.

पुण्यात मी हळू बोलायला शिकलो. ऑफिसात कॉल म्यूट करायचा, सोसायटीत दारसुद्धा आवाज न करता लावायचं. फोनवर नाना "बरा शे ना?" विचारत आणि उत्तराची वाट न बघता फोन आईकडे देत. तुमच्यापैकी जे गाव सोडून गेलेत, त्यांना असे फोन ठाऊक असतील. आम्ही दोघांनी मिळून एखादी गोष्ट ऐकली, असं कधी झालंच नव्हतं.

यंदा कानाचं मशीन बसवायला नाना एकटेच माझ्याकडे आले, आणि नेमका त्याच आठवड्यात तो म्हातारा रॉकवाला पुण्यात कार्यक्रमाला आला. कॉलेजात असताना त्याची कॅसेट मी फीत घासून जाईपर्यंत ऐकलेली. नानांना घरी एकटं कसं ठेवणार? दोन तिकिटं काढली. धास्ती एकच: ते कंटाळून उठले तर मलाही उठावं लागेल, आणि तो पुन्हा काही येणार नाही.

सुरुवातीला आपल्याकडच्या सत्कारसमारंभांनी मान खाली घालावी असा थाट झाला. धूर, दिवे, निवेदकाच्या तोंडी 'दंतकथा', 'युगपुरुष'. शाल-नारळ तेवढे राहिले. मग युगपुरुष आले. पिकलेल्या जटा, दुखरे गुडघे, साधारण नानांच्याच वयाचे. त्यांनी तार छेडली आणि माझ्या बरगड्या हलल्या.

मी भीतभीत शेजारी पाहिलं. नानांनी नवंकोरं मशीन कानातून काढून खिशात टाकलं होतं आणि पंजा छातीवर ठेवला होता.

"बठ्ठं ऐकू ई ऱ्हायनं रे!" ते ओरडले. "आठे, छातीमा!"

पुढच्या गाण्याला ते उठले. मला वाटलं, संपलं. पण त्यांनी खिशातून नोट काढली, वरातीत बँडवाल्यांना देण्याआधी नवरदेवावरून ओवाळतात तशी माझ्यावरून ओवाळली आणि पुढच्या मुलीच्या हातात दिली. "त्या गिटारवाला भाऊले देजो!" तिने काही न विचारता ती पुढे सरकवली. नोट हातोहात स्टेजकडे निघाली. पोचली की नाही, देव जाणे. मी मात्र गाव सोडल्यापासून पहिल्यांदा घसा फाटेस्तोवर ओरडत होतो. शेवटचं गाणं संपलं तरी नाना हलायला तयार नव्हते.

सकाळी माझ्या कानात नुसती शिट्टी. स्वयंपाकघरातून नाना काहीतरी म्हणाले.

"काय?" मी ओरडलो.

"च्या ठेवू का?"

"काय?"

ते दारात आले, माझ्याकडे बघून मनसोक्त हसले. "आते समजनं?"

शेजारच्यांनी भांडण समजून खिडकी लावून घेतली. या फ्लॅटमध्ये मी कितीतरी वर्षं राहतोय, पण तो माझं घर आहे असं वाटलं ते त्या सकाळी.