धर्मशाळा नावाचे विमान

अंबादासशेठ गेल्याचे त्यांच्या थोरल्या सुनेने मला दूरध्वनीवरून कळवले, तेव्हा मी आमच्या वसाहतीतील पथदिव्यांसंबंधी महापालिकेला स्मरणपत्र लिहीत होतो. ते पत्र मी पूर्ण केले नाही. सेवानिवृत्त न्यायालयीन अधीक्षक म्हणून आणि एक तक्रारखोर नागरिक म्हणून मला ओळखणाऱ्यांना या एका वाक्यावरून माझी अवस्था कळावी. पुढे चौदाव्या दिवशी शोकसभा झाली. सभेत एका वक्त्याने सांगितले की, टॉवेलच्या धंद्यात नाव कमावलेल्या या गृहस्थांनी उतारवयात रिमोटवर उडणाऱ्या विमानांचा श्रीमंती शौक केला, आणि शेवटी काय, हौसेला मोल नसते. मी उठून उभा राहिलो. शेजाऱ्याने माझ्या सदऱ्याचे टोक ओढून मला खाली बसवले. शोकसभेत हरकत नोंदवण्याची तरतूद नसते, हे मला मान्य आहे. परंतु वृत्तपत्राच्या पुरवणीत ती असते, आणि म्हणून ती येथे नोंदवतो. अंबादासशेठांचा शौक श्रीमंती नव्हता. हौसेला मोल नसते, या वचनाचा तर त्यांच्याइतका तिरस्कार दुसऱ्या कोणी केल्याचे मला ठाऊक नाही.

आमची ओळख एका फसवणुकीतून झाली. निवृत्तीनंतर माझा रक्तदाब वाढला. डॉक्टरांनी पत्रे कमी लिहिण्याची आणि एखादा छंद लावून घेण्याची, अशा दोन सूचना केल्या. त्यांपैकी पहिली मी तत्काळ फेटाळली आणि दुसरी विचारार्थ स्वीकारली. मोबाईलवर एका दुकानाची जाहिरात पाहिली : विजेच्या मोटरीवर उडणारे, दोन्ही हात पसरावेत एवढ्या पंखांचे विमान, किंमत रास्त, ‘घरपोच, उडण्यास सज्ज’. खोके आले. त्यात विमान होते. रिमोट नव्हता, बॅटरी नव्हती, चार्जर नव्हता. मी ग्राहक आयोगाकडे करावयाच्या तक्रारीचा मसुदा त्याच दुपारी तयार केला. आता फक्त तज्ज्ञाची साक्ष हवी होती. साखर पेठेत टॉवेलचा कारखाना असलेले एक शेठ अशी विमाने उडवतात, असे कोणीतरी सांगितले. खोके रिक्षात घालून मी तिथे गेलो. कारखाना मुलांच्या हाती सोपवून शेठ मागच्या खोलीत एका पंखाला पट्टी चिकटवत बसले होते. घरात तेलुगू, बाजारात सोलापुरी, आणि कपाळावर सरकवलेला चष्मा.

“बसा की साहेब. काय आणलंय?”

“पुरावा,” मी म्हणालो.

त्यांनी खोके उघडले, विमान हातात घेऊन सगळीकडून निरखले आणि हसू लागले. “विमान तर आलंय की ओ! उडवायचं तेवढं राहिलंय.”

“ही उघड फसवणूक आहे. तुमचे प्रतिज्ञापत्र हवे आहे.”

“फसवणूक कशाची? हितं बघा, कोपऱ्यात लिहिलंय की, बाकीचं सामान वेगळं घ्या म्हणून. मुंगीएवढं आहे, पण आहे.”

“मुंगीएवढे लिहिणे हीच फसवणूक असते, शेठ. मी सारी नोकरी त्या मुंग्या वाचण्यात घालवली आहे.”

त्यांचे हसणे थांबले. त्यांनी माझ्याकडे नीट पाहिले. “हे मात्र खरं बोललात,” ते म्हणाले. “या नादात पहिल्यांदा माणूस पडतो ना, तो आकाशातनं नाही पडत. हितंच पडतो.”

प्रतिज्ञापत्र त्यांनी दिले नाही. त्याऐवजी कारखान्यातला एक कोरा टॉवेल जमिनीवर अंथरला आणि त्यावर एकेक वस्तू मांडत गेले. प्रत्येक नवख्यासमोर ते हेच करत, हे मला नंतर कळले. हा रिमोट. स्वस्तातला घेऊ नका, विमान मोडलं तरी हा राहतो, दुसऱ्या विमानाला चालतो. ही रिमोटचं ऐकणारी डबी, विमानाच्या पोटात बसते. या बॅटऱ्या, दोन तरी पाहिजेत, नाहीतर दहा मिनिटं उडवायचं आणि तासभर आभाळ बघत बसायचं. हा चार्जर, यात काटकसर केली तर घराला आग लागते. हे पुढचे पंखे, हे शेंगा फोडल्यासारखे फुटतात, मूठभर ठेवा. हा डिंक. टॉवेल भरला तेव्हा त्यांनी बेरीज सांगितली. विमान धरून सारे पंधरा-वीस हजारांच्या घरात जात होते. “घरी सांगताना हा आकडा सांगा,” ते म्हणाले. “विमानाचा तेवढा सांगू नका. तेवढाच सांगणाऱ्यांची विमानं महिन्याभरात माळ्यावर जातात. बायको टाकत नाही ओ, तेच टाकतात, लाजेनं.” मग त्यांनी टॉवेलची मोकळी राहिलेली कडा दाखवली. “आणि ही जागा मोडतोडीची. पहिलं विमान उडवायला घेत नाहीत साहेब, पाडायला घेतात. हौसेला मोल असतं. ते आधी मोठ्यानं सांगावं लागतं.”

मी पुष्कळ न्यायाधीश पाहिले. इतके स्वच्छ निवेदन क्वचित ऐकले.

त्यानंतर दोन महिने त्यांनी मला काहीही विकत घेऊ दिले नाही. गोदामात एक जुना संगणक होता. त्याच्या पडद्यावरच्या विमानाला रिमोट जोडलेला होता. “आधी हितं पाडा. हितं डिंक लागत नाही,” असे म्हणून ते निघून जात. मी पाडत असे. विमान आपल्यापासून दूर जाते तोवर त्याचे डावे ते आपले डावे असते. ते वळून आपल्याकडे येऊ लागले की सगळे उलटते. डावीकडे वळवावे तर ते आपल्या उजवीकडे जाते आणि मनुष्य घाबरून तीच चूक अधिक जोराने करतो. मला यात मूलभूत अन्याय दिसत होता, आणि तसे मी बोलूनही दाखवले. शेठांनी तो अन्याय दूर केला नाही, पण त्यावर एक उपाय सांगितला. “डावं-उजवं सोडा. समोरून येताना जो पंख खाली झुकलाय, त्याच्या बाजूला काठी सरकवा. त्याला टेकू दिल्यागत. जो पडतोय त्याच्या बाजूनं व्हायचं, बास!” पंख सरळ झाला. रिमोटवरील त्या छोट्या काठीला मी त्या दिवसापासून आदराने वागवू लागलो.

आमचे मैदान म्हणजे वळसंगच्या अलीकडचा एक मुरमाड माळ. विमानतळापासून लांब, तारांपासून मोकळा, कडेला तुरीची शेते. मालकाची संमती, कार्यालयांची पत्रे, कोणत्या नियमात आपण बसतो आणि कोणत्यात बसत नाही याचा खुलासा, ही कामे मी अंगावर घेतली. माझ्या पत्रव्यवहाराने आयुष्यात प्रथमच कोणाला तरी आनंद होत होता. रविवारी सकाळी तिथे आठ-दहा जण जमत : एक औषधविक्रेते, एक रेल्वेतून निवृत्त झालेले गार्ड, शेठांचा धाकटा मुलगा नागेश, रंगाच्या दुकानातले सलीमभाई. तिथे शेठांनी पाडलेली एक रीत होती. ज्याचे विमान त्या दिवशी कोसळेल, त्याने खिशात हात घालायचा नाही. ज्यांची शाबूत उतरली, त्यांनी त्याला चहा पाजायचा, त्याचे तुकडे वेचायचे आणि डिंक आपल्या डबीतला द्यायचा. मी या रीतीवर लेखी आक्षेप घेतला होता. यामुळे निष्काळजीपणास उत्तेजन मिळते, असे माझे म्हणणे होते. शेठ ते वाचून म्हणाले, “साहेब, पडलेल्याचा खर्च त्या दिवशी तसाही झालाय की. आणखी दंड कशाला?” पुढच्याच रविवारी माझे विमान, तेच ते पुराव्याचे विमान, तुरीत घुसले. सलीमभाई काट्याकुट्यातून त्याची शेपटी घेऊन आले आणि म्हणाले, “मुबारक हो साहेब, आज से आप हमारे!” चहा आला. तो मी प्यायलो. आक्षेप मागे घेतल्याचे वेगळे पत्र दिले नाही, पण ते सर्वांना समजले असावे.

याच विचारातून ‘धर्मशाळा’ निर्माण झाले. कोणाचा उजवा पंख, कोणाची शेपटी, कोणाची मोटर, असे मोडक्या विमानांतून शेठांनी एक विमान उभे केले. ते कुरूप होते, पण कमालीचे संथ आणि क्षमाशील होते. कोणीही यावे, काही दिवस राहावे, उडवून पाहावे, नाद लागला तर आपले घ्यावे, न लागला तर घरी जावे. एका पैचा भुर्दंड नाही. म्हणून नाव धर्मशाळा. त्याला दोन रिमोट होते. एक शिकणाऱ्याच्या हातात, दुसरा शेठांच्या. शेठांच्या रिमोटवर एक स्प्रिंगचे बटण होते. ते दाबून धरले की विमान शिकणाऱ्याच्या ताब्यात जायचे, आणि बोट उचलले की त्याच क्षणी शेठांकडे परत यायचे. त्या बटणावर बोट ठेवून शेठांनी कितीतरी माणसांना आकाशात नेले : विणकर, शिक्षक, एक रिक्षावाले, एक कीर्तनकारसुद्धा. यांतील बहुतेकांनी पुढे विमान घेतले नाही. शेठांना त्याचे काही वाटत नसे. “उडवलं ना? बास की.”

गेल्या वर्षी त्यांच्या हृदयाने तक्रार केली आणि डॉक्टरांनी उन्हात उभे राहण्यास बंदी घातली. त्यांना स्वतःच्या उडवण्याची खंत नव्हती. धर्मशाळेची होती. आमच्यातले चांगले उडवणारे सगळे वेगाचे भोक्ते. नवख्याबरोबर संथ घिरट्या घालत सकाळ घालवणे त्यांच्या स्वभावात नाही. एका संध्याकाळी त्यांनी मला मागच्या खोलीत बोलावले. “माझ्यामागं ते बंद पडलं, तर हे परत पैसेवाल्यांचं होऊन बसंल,” ते म्हणाले. “नवा माणूस येणार, खोकं घेणार, आपटणार, जाणार. ते बटण तुम्ही धरा.”

मी म्हणालो, “शेठ, मी तुमच्या मंडळातला सर्वांत वाईट वैमानिक आहे.”

“म्हणून तर. तुम्ही लई वेळा पडलाय. आणि चूक तुम्हाला लांबनं दिसते, हे सगळ्या सोलापूरला माहीत आहे.”

पुढचे काही रविवार ते छत्रीखाली खुर्ची टाकून बसले आणि मी मास्तरकी शिकलो. शिकणारा म्हणून नागेश मुद्दाम चुका करी. विमान जरा कलले की माझे बोट आपोआप उठे आणि विमान माझ्याकडे येई. एवढ्या वर्षांची सवय : चूक दिसली की तत्काळ हस्तक्षेप. खुर्चीतून आवाज येई, “आत्ता का घेतलंत? बघू द्या की त्याला.” मी म्हणे, ते पडले असते. “पडलं नव्हतं ना पण? उंची होती, वेळ होता. तुम्ही घेतलंत, मग तो काय शिकला? साहेब शहाणे आहेत, एवढंच.” नागेश खो-खो हसे. मी संतापे. शेठ मात्र शांतपणे सांगत, “चूक दिसणं निराळं, साहेब. ती माणसाची त्यालाच सावरता येईल का, हे दिसलं पाहिजे.” शेवटच्या भेटीतही आमचा हाच वाद झाला. मी निघताना त्यांनी माझा हात हातात घेतला, बटणावरचे ते बोट दाबून पाहिले आणि म्हणाले, “उतावळं आहे अजून...” आणि हसले. तो गुरुवार होता. रविवार त्यांनी पाहिला नाही.

शोकसभेनंतरचे दोन रविवार माळावर कोणी धर्मशाळेला हात लावला नाही. तिसऱ्या रविवारी एसटीत वाहक असलेल्या सुनीताताई कांबळे तिथे आल्या. वळसंगच्या फेरीवर असताना खिडकीतून विमाने दिसायची, आज सुट्टी होती, म्हणून आले, असे त्यांनी सांगितले. मग ओशाळून विचारले, “काका, हे शिकायला किती खर्च येतो ओ?” सगळ्यांनी माझ्याकडे पाहिले. नागेशने गाडीतून धर्मशाळा बाहेर काढले आणि दोन्ही रिमोट माझ्यापुढे धरले.

विमान मी वर नेले. पुरेशी उंची झाल्यावर बटण दाबले आणि म्हणालो, “आता तुमच्याकडे आहे.” त्यांनी श्वास रोखला. एक फेरी बरी झाली. दुसऱ्या फेरीत विमान आमच्याकडे वळले, आणि जे सर्वांचे होते तेच झाले. डावा पंख खाली गेला, बाईंनी उलट बाजूला काठी ओढली, पंख आणखी खाली गेला. माझ्या बोटाखालची स्प्रिंग वर येऊ पाहत होती. माझा सारा जन्म त्या बोटात गोळा झाला होता... चूक मला स्पष्ट दिसत होती. पण उंचीही दिसत होती. मी फक्त म्हणालो, “जो पंख पडतोय, त्याच्या बाजूनं व्हा.” विमान खाली येत होते, तुरीचे शेंडे जवळ येत होते, नागेशने डोळे मिटले होते. मग तो मोडक्यातोडक्यातून जुळवलेला पंख हलकेच उचलला गेला, सरळ झाला, आणि धर्मशाळा आमच्या डोक्यावरून गुणगुणत पुढे निघून गेले.

“आत्ता मधी तुम्ही घेतलं होतं ना, काका?” सुनीताताईंनी वर पाहतच विचारले.

“नाही.”

“खरंच? मग मीच...?”

“तुम्हीच.”

त्या हसल्या. थोड्या वेळाने त्यांनी विचारले, “आता कुठं नेऊ?”

“तुम्हाला वाटेल तिकडे,” मी म्हणालो, आणि बटण दाबून धरून उभा राहिलो.