हिप्परग्याच्या तलावातलं यान

चंद्रावरून परतणाऱ्या माणसांची काळजी आमच्या समोरच्या मागवाल्यांइतकी त्या माणसांच्या बायकांनीही केली नसेल. सोलापूर कुठे, समुद्र कुठे, आणि हे गृहस्थ भवानी पेठेत चादरी विणणारे. पण यान समुद्रात उतरणार अशी बातमी रेडिओवर लागली की यांचा माग थांबे. "अक्का, नेम चुकला तर?" ते मला विचारत. "चुकला म्हणून सोलापुरात पडेल?" "पडणारा काय विचारून पडतो?"

माणूसच तयारीचा. कोरड्या आभाळाखाली छत्री, लग्नाला जाताना खिशात सुईदोरा. दुसऱ्यांच्या पाहुण्यांना घ्यायलासुद्धा हे स्टेशनवर आधी हजर. तसंच यान तलावात पडलं तर ते तरंगतं ठेवायचं सामान त्यांनी केलं. ट्रकच्या ट्यूबा फुगवून गोल बांधल्या. मधे यानाला आवळून धरायला चादरीचे पट्टे. दोरी का नाही, तर म्हणे, "दोरी कापते, अक्का. चादर कवटाळते." आता चाचणीला यान हवं. पेपरातल्या चित्राशी जुळणारी वस्तू गल्लीत एकच, माझा तांब्याचा बंब. लेकीचा पहिला दिवाळसण तोंडावर, जावयांना अभ्यंगाला पाणी त्यातच तापणार. तरी मी तो का दिला, मला आजही कळत नाही. राखणीला सोबत मात्र गेले.

हिप्परग्याच्या तलावावर मागवाल्यांनी पट्ट्यांत आवळलेला बंब पाण्यात सोडला, तेव्हा काठाला एक धनगर मेंढरांना पाणी पाजत होता. "ह्यात काय हाय वो?"

"तीन माणसं आहेत असं समजा," मागवाले म्हणाले.

"समजा म्हंजी? हायत का न्हायत?"

तेवढ्यात पट्टे भिजून सैल पडले आणि बंब मधूनच खाली गेला. ट्यूबा दिमाखात तरंगत राहिल्या. "मेली की मानसं!" म्हणत धनगराने नेसत्या कपड्यांनिशी उडी घेतली. पुष्कळ बुड्या मारून वर आला तो बंबाचं झाकण घेऊन. "येवडंच घावलं," तो रडवेला होऊन म्हणाला. मागवाले त्याची समजूत घालत होते. माझी कोणी घालावी?

दिवाळीच्या पहाटे जावई पाटावर बसले आणि समोरून मागवाले वाफाळत्या बादल्या घेऊन आले, मागून त्यांची बायको, तिच्याही हातात बादली. घरातलं प्रत्येक पातेलं त्यांनी चुलीवर चढवलं होतं. मी चार शब्द सुनावायला तोंड उघडलं. "अक्का, जपून, कढत आहे," ते म्हणाले.

जावयांनी हळूच विचारलं, "हे आपले कोण?" मला नातं सांगता येईना. आता मागवाले राहिले नाहीत, समोरचा माग बंद आहे, गल्लीत खडखड नाही, आणि जावयांना मी अजून काही सांगू शकलेले नाही.