खुनी कळेपर्यंत चाला, आजी

आजी वॉकर धरून हॉलच्या मध्यात, मी त्यांच्यासमोर पुस्तक उघडं धरून उलटी चालतेय, आणि माझा फोन वाजला. ब्युरोच्या मॅडम. ब्युरो म्हणजे आमाला पेशंटच्या घरी कामाला पाठवतात ते ऑफिस.

“घरच्यांनी कॅमेऱ्यात बघितलंय. पेशंट धडपडतेय आणि तू पुस्तक घेऊन पुढे पळतेस? बॅग भर. उद्या दुसरी बाई येईल.”

आजींना कसंबसं खुर्चीत बसवलं. नवऱ्याचं द्रोणागिरीच्या गोडाऊनमधलं काम सुटलेलं, पोरगी लहान, घर माझ्याच ड्युटीवर चाललेलं.

झालं काय ते सांगते. आजींना पॅरालिसिस होऊन गेला, डावा पाय ओढतात. डॉक्टर बोलले चालवा, पण आजी बाथरूमच्या पुढं जायच्या नाय. आधी त्या टीव्हीवर खुनाची एक सिरीयल बघायच्या. आता चित्र पळतं, डोळ्यांना झेपत नाय. त्याच सिरीयलवरची पुस्तकं घरात होती. मी सातवी शिकलेली, अडखळत वाचते. पण ती सिरीयल मी पण बघायची, इन्स्पेक्टरचा आवाज डोक्यात हाय, म्हणून पुढचं वाक्य आपोआप सुटतं. मला पण मज्जा यायला लागली, खोटं कशाला बोलू. मग आजी चालल्या की वाचायचं, थांबल्या की गप्प. आजी मला शिव्या द्यायच्या आणि चालायच्या. पार खिडकीपर्यंत.

पण कॅमेऱ्यात आवाज येत नाय.

आजींचा मुलगा, आमी दादा बोलतो, ऑफिसातून तसाच आला. “आई पडली असती तर?”

माझे दोन्ही हात पुस्तकाला होते. चालवताना पेशंटच्या कमरेच्या पट्ट्याला एक हात पायजेच, ट्रेनिंगमध्ये पयलं तेच शिकवतात.

“दादा, परत नाय करणार, मला काढू नका, ओ…”

आजींची जीभ जड झालीय, तरी बोलल्या, “हिला नंतर ओरड. वकील… खोटं बोललाय. पुढचं वाच.” आणि वॉकर ओढून उठायलाच लागल्या.

मी धावत पट्टा धरला. दादांनी पुस्तक घेतलं आणि उलटे चालत वाचायला लागले, भरभर, बातम्यांसारखे.

“इन्स्पेक्टर असा बोलतो का रे, गाढवा?”

बोलता बोलता आजी खिडकीच्या पण पुढं, गॅलरीत पोचल्या. दादांनी पुस्तक मिटलं. मग तिथनंच मॅडमना फोन लावला, दुसरी बाई नको म्हणून. मॅडमनी मला झापलंच, ते वेगळं.

आता दादा घरी असले की ते वाचतात, मी पट्टा धरते. खुनी वकीलच निघाला, त्या दिवशी आजी खुर्चीतनं हलल्याच नाय. म्हणून दादांना सांगितलंय, पुढचं पुस्तक आधी आणून ठेवा, आणि जाड आणा.

बाकी, नवीन काय करायचं तर घरच्यांना आधी सांगायचं. आणि पट्टा सोडायचा नाय.