चिखलबाईंची वही

खाडीचा काळा चिखल गुडघ्यांपासून घोट्यांपर्यंत फासून चिखलबाई उन्हात बसायच्या आणि येणाऱ्या-जाणाऱ्याकडे एकटक बघायच्या. असं बघणं लपवायचं असतं, हे त्यांना कुणी शिकवलंच नव्हतं. गोऱ्यापान, साठी उलटलेल्या, अंगात घरमालकीण हिरूबाईंचा जुना गाऊन. कुठल्या देशाच्या म्हणून विचारलं, की समुद्राकडे हात करून म्हणायच्या, "तिकडची." बस. भाईंदरजवळच्या आमच्या राई गावाला संशय घ्यायला एवढं पुरेसं होतं.

नव्वद सालच्या आगेमागे मुर्ध्याच्या मिठागरांना लागून एक निसर्गोपचार केंद्र होतं. कोमट खाऱ्या पाण्याचे दोन हौद, मातीचा लेप लावायची एक खोली, दहा-बारा खाटा. बाई गुडघ्यांसाठी तीन आठवडे म्हणून आल्या आणि पुढे राईत हिरूबाईंची खोली भाड्याने घेऊन राहिल्याच. मी त्या केंद्रात नावं लिहून घ्यायचे, टॉवेल द्यायचे. राहायलाही हिरूबाईंकडेच होते, बाईंच्या भिंतीला भिंत लागून.

मराठी त्या हिरूबाईंकडून शिकल्या. शब्द आगरी, हेल भलताच. कुणी 'पाहुणीबाई' म्हटलं की लगेच दुरुस्त करायच्या, "मी पाहुनी न्हाय. शेजारीन हाय." बायका हसायच्या. पण त्यांची पाठ वळली, की हिरूबाईंचे दीर दामूभाऊ म्हणायचे, "आपली भाषा शिकते, ती उगाच न्हाय."

खरी भीती होती ती त्यांच्या निळ्या वहीची. बाई केंद्रापासून घरापर्यंत बांधावरून चालत येत. मध्येच थांबत, कुणाच्या तरी ओट्यावर टेकत आणि वहीत आकडे लिहीत. तेव्हा पेणकरपाड्याकडे भराभर इमारती उठत होत्या. आज कुणी शेत पावलांनी मोजलं, की पुढल्या महिन्यात तिथे बोर्ड लागायचा. बाई बिल्डरच्या, असं निम्मं गाव म्हणे. उरलेलं निम्मं त्यांना हेर ठरवून मोकळं झालं होतं.

मी तरी कुठे गावातली होते? परभणीकडून आलेली, नवरा भाईंदरला भांड्यांच्या कारखान्यात. आमच्या भिंतीवरची बुद्धाची तसबीर बघून पहिले काही महिने लोक मोजकंच बोलत. मग बाई आल्या आणि गावाची नजर माझ्यावरून उठून त्यांच्यावर गेली. माझ्यापेक्षा परकं कुणी तरी मिळालं, याचा मला चक्क आनंद झाला. ओट्यावरच्या गप्पांत मला पहिल्यांदा जागा मिळाली ती बाईंवर संशय घेताना.

एके दिवशी दामूभाऊ म्हणाले, "शारदा, तू तिथं कामाला हायस. ती हौदात उतरली, का वही काढ. गावाचं काम हाय." त्यांनी मला 'गावाचं काम' सांगितलं होतं. मी नाही म्हटलं नाही. बाई हौदात डोळे मिटून पडल्या होत्या, कपडे आणि पिशवी खुंटीला. बाई कधीच काही कुलपात ठेवत नसत. मी वही पदराखाली घेतली.

आत भाषा परकी होती, पण इंग्रजी अक्षरांतली नावं मला लागत होती. दामू, आणखी दहा-पंधरा नावं. प्रत्येकापुढे आकडे. माझ्या नावापुढे सर्वांत मोठा. मी वही दामूभाऊंच्या हातात दिली. दामूभाऊ वही घेऊन तडक चौकीवर गेले.

बाईंना बोलावलं, मलाही. साहेबांनी कागदपत्रं पाहिली, ती चोख होती. मग वही पुढे सरकवली. बाई मराठीतच बोलल्या, आम्हा सगळ्यांना कळावं म्हणून. "ही पावलं. इतकी चालले, मंग गुडगा दुकला. ज्याच्या ओट्यावर बसले, त्याचं नाव."

"आणि शारदा?" साहेबांनी विचारलं.

"त्या दिवशी कुठं बसले न्हाय. घरापर्यंत आले. शारदा दारात पानी घेऊन उभी होती."

साहेबांनी वही मिटून बाईंना परत दिली. बाहेर आल्यावर मी त्यांचे पाय धरायला वाकले. त्यांनी मला उठवलं आणि म्हणाल्या, "इचारलं असतं, तर वाचून दाखवली असती." त्या आवाजात राग नव्हता. असता तर बरं झालं असतं.

वर्षभराने केंद्र बंद झालं. मालकाने जागा बिल्डरला विकली आणि बिल्डरला मालकाकडे नेणारे होते दामूभाऊ! गावाला हे कळलं तेव्हा सगळे चार दिवस हळहळले. वही चोरणारी मी. मी कुणाला काय बोलणार?

बाई परत निघाल्या. रिक्षा दारात उभी. हिरूबाईंच्या गळ्यात पडून त्या लहान मुलीसारख्या रडल्या. मग माझ्याकडे आल्या, हसल्या, माझ्या गालावर हात ठेवला. म्हणाल्या, "बरी ऱ्हा, शारदा." आणि ते म्हणत असतानाच खांद्यावरची पर्स त्यांनी दुसऱ्या बाजूला, माझ्यापासून लांब सरकवली. मुद्दाम नव्हे. हात आपोआप गेला होता. आल्या तेव्हा ही सवय त्यांना नव्हती.