दादाचं कार्ड लिलावात

कार्डं जमवणाऱ्या मंडळींनो, दुपारपासून मन थाऱ्यावर नाही, म्हणून सायबर कॅफेत परत येऊन लिहितोय.

आज इंटरनेटवरच्या लिलावात एक जुनं क्रिकेटचं कार्ड दिसलं. कोपऱ्यावर दातांची खूण. लहानपणी माझ्याशी ओढाताण करताना दादानं ते दातांत धरलं होतं. विकणाऱ्या परदेशी माणसानं 'बनारसला मिळालं' एवढंच लिहिलंय.

दादा गेला तेव्हा बनारसच्या घाटावर त्याच्या नावानं शय्यादान केलं. अंथरुणाबरोबर त्याचा कार्डांचा डबाही दिला होता.

चित्र छापून घरी नेलं. आईला विचारलं, "बोली लावू?"

"दिलेलं दान परत घेतात का रे? तिकडे त्याला काय वाटेल?"

थोड्या वेळानं खुणेवरून बोट फिरवत ती म्हणाली, "हा कागद तर घरात चालेल ना?"

आपण हातोहात अदलाबदल करायचो, तेव्हा दिलेलं कार्ड दिलेलंच राहायचं. या लिलावात गेलेलंही समोर येऊन उभं राहतं.

लिलाव उद्या संपतोय. मी बोली लावणार नाही. ही श्रद्धा की नुसती भीती, मला ठरवता येत नाही.

तुमच्यापैकी कुणी ते घेतलंत तर कळवाल? घरी आणता येणार नाही, पण बघायला येईन.