वन्संचं तीर्थ

फोन आला तेव्हा मी अमेरिकेत, अर्विंगच्या माझ्या दुकानामागच्या स्वयंपाकघरात चकल्या तळत होते. होनोलुलूहून भाचा बोलत होता, समीर. "मामी, आई गेली... झोपेतच." मी कढईखालचा गॅस बंद केला आणि विचारलं, "काल देवळात गेल्या होत्या?" तो म्हणाला, "हो. काल पण गेली होती." मग मी खाली बसले आणि रडले.

पुण्यात त्यांच्यासाठी शोकसभा झाली. वन्संनी आयुष्यभर शाळेत भूगोल शिकवला, त्यामुळे त्यांची शिस्त, त्यांचं अक्षर, फळ्यावर त्या हातानं काढत ते नकाशे, सगळ्यावर लोक बोलले. शेवटी एका नातेवाइकानं सांगितलं की परदेशात मुलाकडे त्यांनी अखेरचे दिवस शांतपणे काढले. शांतपणे! मी पहिल्या रांगेत होते. मला कोणी बोलायला सांगितलं नाही. दुकानदार बाई काय बोलणार, असं वाटलं असेल. म्हणून इथे लिहिते आहे.

वन्सं म्हणजे माझ्या यजमानांची थोरली बहीण. आमचं पहिल्या दिवसापासून पटलं नाही. नागपुरात माझ्या वडिलांचं भांड्यांचं दुकान होतं आणि मी लहानपणापासून गल्ल्याशेजारी बसून मोठी झाले. लग्नाच्या आदल्या दिवशी मांडववाल्यानं ठरल्यापेक्षा लहान मांडव घातला, तेव्हा मीच बाहेर येऊन त्याला झाडला आणि संध्याकाळपर्यंत मोठा मांडव उभा करून घेतला. वन्सं ओट्यावरून बघत होत्या. सगळ्यांसमोर म्हणाल्या, "मुलगी बाजारात बसल्यासारखी बोलते." पुढे अमेरिकेत मी अपार्टमेंटच्या किचनमधून डबे सुरू केले, त्यातून दुकान उभं केलं, पण ते वाक्य काही मनातून गेलं नाही. अजूनही गेलेलं नाही.

त्यांचे यजमान गेल्यावर वन्सं होनोलुलूला समीरकडे राहायला आल्या. मुलगा-सून दोघं दिवसभर कामावर, आसपास मराठी बोलणारं कोणी नाही. आमच्या अर्विंगला निदान दुकानात आलं की चार माणसं भेटतात. वन्सं मात्र चालत निघाल्या आणि कोपऱ्यावरच्या जपानी देवळात जाऊन पोचल्या. त्या बेटावर जपानी देवळं पुष्कळ आहेत. वन्संनी बसचा नकाशा मिळवला आणि एकेक देऊळ बघायला सुरुवात केली... कुठे जपान्यांच्या जुन्या शिंतो धर्माचं, कुठे बौद्ध, कुठे वाळूवर रेघा ओढलेलं नुसतं अंगण. मी पहिल्यांदा गेले तेव्हा विमानतळावरून घरी नेण्याआधीच त्यांनी मला त्या कोपऱ्यावरच्या देवळात नेलं. दारात दगडी कुंड, त्यावर बांबूच्या पळ्या. वन्संनी पळीनं पाणी घेतलं, उजव्या तळहातावर घेऊन प्यायल्या, ओला हात डोक्यावरून फिरवला. "घे, तीर्थ आहे." मी घेतलं. तेवढ्यात देवळाची देखभाल करणाऱ्या एक पांढऱ्या केसांच्या जपानी आजी आल्या. त्यांनी वाकून नमस्कार केला, आधी डावा हात धुतला, मग उजवा, मग चूळ भरून ती हलकेच बाजूला टाकली. ते आत जाण्याआधी हात-तोंड धुवायचं पाणी होतं! वन्सं कित्येक महिने ते भक्तिभावानं पीत होत्या आणि आजींनी संकोचापायी एका शब्दानं सांगितलं नव्हतं. मी खांबाला धरून हसले.

"हस, हस," वन्सं म्हणाल्या. "आतून धुतलं गेलं, एवढंच."

त्या दिवसापासून त्या आधी आजींसारखे हात धुवायच्या आणि नंतर आपल्यासारखं तीर्थ घ्यायच्या. चूक कळली, पण सोडली नाही.

बेटावरची देवळं बघून होत आली होती. डोंगराच्या कुशीतलं एक लाल देऊळ तेवढं राहिलं होतं. तिथे मोठी घंटा आहे आणि येणाऱ्यानं ती वाजवूनच आत जायचं. नेमक्या तेव्हाच वन्सं न्हाणीघरात पडल्या. खुब्याचं ऑपरेशन झालं आणि समीरनं फर्मान काढलं: आता बाहेर पडायचं नाही. थोड्या दिवसांनी वन्संचा फोन आला. त्या मला कधीच आपणहून फोन करत नसत. "शोभा, येतेस का? इथे माझ्या बाजूनं बोलणारं कोणी नाही. हा मला खुर्चीतच संपवणार."

मी गेले. समीर म्हणाला, "मामी, डॉक्टरनं हळूहळू चालायला सांगितलंय, पण रिस्क कोण घेणार यार?"

मी म्हटलं, "बरोबर आहे. म्हणून मी सुट्टी घेऊन आलेय. आठ दिवस सगळी देवळं परत दाखवते. बसनं."

"बसनं? आर यू सीरियस?"

"मग टॅक्सी. शेजारच्या बेटावरचीही दोन राहिलीत म्हणे. बोटीचं बघते."

त्याचा चेहरा उतरला. "नो बोट! मामी, प्लीज... एकच देऊळ. मी गाडी चालवणार. संध्याकाळच्या आत घरी."

मी खूप नाराज झाल्यासारखं करून हो म्हटलं. आम्हाला तेवढंच हवं होतं. वन्सं खुर्चीत मान खाली घालून बसल्या होत्या, पण पदर तोंडाशी गेला होता.

लाल देवळापाशी सकाळचं ऊन होतं, मागे सरळ उभा हिरवा डोंगर. घंटा माणसाएवढी, शेजारी दोरांनी आडवा टांगलेला ओंडका. त्याची दोरी मागे ओढून सोडायची. समीर पुढे झाला. "आई, तू नुसता हात लाव, मी ओढतो."

"हात काढ," वन्सं म्हणाल्या. वॉकर बाजूला सारून त्या उभ्या राहिल्या. मी कमरेला धरलं. पहिल्यांदा ओंडका नुसता घासून गेला. दुसऱ्यांदा त्यांनी दात आवळून दोरी ओढली आणि सोडली... तो नाद आधी छातीत शिरला, मग डोंगरावर जाऊन परत आला. समीरच्या डोळ्यांत पाणी आलं. वन्सं ताठ मानेनं त्याला म्हणाल्या, "मामीशी घासाघीस करायची नाही. ती बाजारात बसलेली आहे."

मी म्हटलं, "वन्सं, तो शब्द आता तरी मागे घ्या."

"का घेऊ? खरा होता," त्या म्हणाल्या, आणि माझा हात धरून आत निघाल्या.

त्यानंतर खुर्ची सुटली. काठी घेऊन त्या अखेरच्या दिवसापर्यंत देवळात जात राहिल्या. याला कोणी शांतपणे म्हणत असेल तर म्हणो.

सभेनंतर परतताना मी होनोलुलूला उतरले आणि त्या कोपऱ्यावरच्या देवळात गेले. जपानी आजी कुंडापाशी होत्या. मला बघून त्यांनी वाकून नमस्कार केला. मी रीतसर डावा हात धुतला, उजवा धुतला, चूळ भरली. पळी ठेवणार तेवढ्यात त्यांनी ती माझ्या हातून घेतली, भरली, आणि माझ्या उजव्या तळहातावर धरली. मी प्यायले. मग त्यांनी स्वतःच्या तळहातावर थोडं पाणी घेतलं, प्यायल्या, आणि ओला हात आपल्या पांढऱ्या केसांवरून फिरवला... अगदी वन्संसारखा.