फाळाचं ताक

आमच्या घरात एक नियम होता. दर सोमवारी थोरांनी फाळाचं ताक प्यायचं, आणि ते कशासाठी, हे धाकट्यांनी विचारायचं नाही. मी विचारलं. पुढे जे झालं ते सांगायची लाज वाटते, पण तुम्ही चहा पाजलाय, तेव्हा सांगणं भाग आहे. मधे हसू नका म्हणजे झालं!

फाळाचं ताक म्हणजे काय? नांगराचा झिजून टाकलेला वीतभर फाळ चुलीत लाल होईस्तोवर तापवायचा आणि ताकाच्या गाडग्यात बुडवायचा. चर्र असा आवाज, वाफ, घरभर करपट वास. मग ते ताक काका, काकू आणि आत्याबाई प्यायचे. आई-वडील लहानपणीच गेल्यामुळे मला काका-काकूंनीच वाढवलं. आत्याबाई म्हणजे काकांच्या आत्या. वय ऐंशीच्या पुढे, दात दोन, आवाज मात्र सगळ्या सिरसाळा गावाला पुरेल एवढा.

मी हैदराबादहून कॉलेजच्या सुट्टीत आलेली. ट्रंकेत रसायनशास्त्राची वही आणि डोक्यात तिच्या दुप्पट माज.

"आत्याबाई, या ताकानं होतं काय?"

"फाळ जमिनीतलं बळ वढून घेतंय. तापवून बुडवला की त्ये ताकात उतरतंय. म्हातारपणी हाडाला लागतंय."

"मग आम्हाला का नाही?"

"तुमच्या अंगात बळ हायच की! जास्त झालं तर नुसती जिभंला धार येती. तुला तर आजाबात नको."

काकू तोंडाला पदर लावून हसल्या. माझं डोकं सणकलं. आता सांगा, लाल लोखंड क्षणभर ताकात बुडवून जमिनीचं बळ उतरतं म्हणे! पण खरा राग ताकाचा नव्हताच. त्याच दिवशी काकांनी मला ऐकवलं होतं, "उमापूरहून मुलाचे मामा यायलेत तुला बघायला. मुलाचं घर चांगलं हाय. दोन वरसं शिकलीस, आता बस झालं कालेज."

मी ताकावरून थेट उमापूरवर गेले. "काका, पैज लावा. हे ताक म्हणजे खुळचटपणा आहे. चार सोमवार ताक मी करीन. एकदा जरी मी फाळाशिवाय दिलं आणि तुम्ही ओळखलंत, तर मी हरले. मुकाट्यानं उमापूरला हो म्हणेन. नाही ओळखलंत, तर सुट्टी संपली की मी हैदराबादला."

काका मिशीला पीळ देत म्हणाले, "कबूल! उमर गेली फाळाचं ताक पिण्यात. न्हाई ओळखलं तर मिशी उतरवतो."

मी ठरवलं, चारही सोमवार फाळ नाहीच वापरायचा. शेतातला एक काळा दगड आणला. दगडही लाल होतो, दगडाचंही चर्र होतं. स्वयंपाकघराचं दार लावून घेतलं की ओसरीवर बसलेल्यांना काय कळणार?

प्रश्न एकच. गार, कोरडा फाळ कुणाच्या हाती लागला तर पैज गेली; तो लपवायचा कुठे? आत्याबाई दिवसभर घर चाचपत फिरायच्या. कणगीत हात, गोवऱ्यांत हात, माझ्या ट्रंकेतसुद्धा हात! घरात एकच जागा अशी, जिथे कुणीही हात घालत नसे. चिंचवणीचं मडकं. मीठ घालून भिजवलेल्या चिंचेचं पाणी. त्यात बोट बुडालं की ते नासतं, असा काकूंचा कायदा. रोजच्या आमटीला लाकडी पळीनं वरच्या वर काढायचं, आणि वरून थोडी चिंच, थोडं पाणी वाढवायचं. त्याचा तळ वर्षानुवर्षं कुणी पाहिला नव्हता. मी फाळ हळूच आत सोडला. बुडुक! झालं काम.

पहिल्या सोमवारी तिघं दगडाचं ताक प्यायले. काकांनी डोळे मिटून जीभ टाळ्याला लावली. "ह्यो आपलाच फाळ!"

"त्याबिगर ही चव येती का?" आत्याबाई म्हणाल्या.

मी आत जाऊन उशीत तोंड खुपसून हसले. मग विजयाची नोंद करायला वही उघडली आणि ताडकन उठून बसले. माझ्याच अक्षरात लिहिलं होतं: 'लोखंड, तांबं असे धातू शरीराला कणभरच लागतात, पण लागतात. म्हातारपणी भूक मंदावते, दात जातात, खाणं कमी होतं आणि हे कण पुरेसे मिळत नाहीत. मग रक्त फिकं पडतं, माणूस लवकर थकतो. मात्र गरजेपेक्षा जास्त झाले तर अपाय.' पान संपलं. पुढचं पान मी उलटलं नाही. घाम पुसत होते ना!

म्हणजे आत्याबाई खरं बोलत होत्या? की अर्धं खरं? मग मी काय करत होते? ऐंशीच्या बाईच्या तोंडचं लोखंड काढून तिला दगड पाजत होते! पण पैज सोडली तर उमापूर. मी मनाची समजूत घातली, की कुणी जरा जरी थकलेलं दिसलं तर लगेच कबूल करायचं.

आणि मी पाळत ठेवली.

दुसऱ्या आठवड्यात आत्याबाई शिडीवरून माळवदावर चढल्या. मिरच्या वाळत घालायला! मी खालून ओरडतेय, "उतरा, उतरा!" तर वरून उत्तर, "कावून? तूच वर ये की! जवान पोरगी आन खाली हुबी ऱ्हाऊन बोंबलायलीस!"

तिसऱ्या आठवड्यात काका परळीला जाऊन आले. वैजनाथाच्या पायऱ्या एरवी तीनदा बसून चढायचे, या वेळी म्हणे एका दमात चढले.

माझी तर मतीच गुंग झाली. फाळाचं ताक खुळचट असेल, तर ही माणसं होती तशीच राहायला हवीत. वही खरी असेल, तर थकायला हवीत. ही तर दिवसेंदिवस तरणीताठी व्हायला लागली! मग हा गुण कुणाचा? दगडाचा? मी तो दगड उन्हात धरून पाहिला, चाटूनसुद्धा पाहिला. हो, चाटून! कॉलेजात कुणाला सांगू नका.

तेवढ्यात काका पोट धरून ओसरीवर बसले. "कायकी बाबा, चार दिस झाले, पोटात दगड बसल्यावानी वाटतंय."

दगड! माझ्या हातातलं सूप खाली पडलं. काकांनी ओळखलं का? की माझा दगड विरघळून खरंच त्यांच्या पोटात बसला? "दगड कशावरून म्हणता, काका?"

"आता कशावरून म्हंजी? जड हाय म्हणून!"

काकू आतून म्हणाल्या, "औंदा चिंचच काळी निघाली. आमटी बघा की, शाई झाल्यावानी. मडक्यात बुडबुडेबी यायलेत."

माझं लक्ष दगडात होतं. चिंचेकडे कोण बघतंय?

चौथ्या सोमवारी उमापूरचे मामा आले. जाडजूड, बोलके गृहस्थ. आमटीची वाटी दोनदा भरून घेतली. वर म्हणाले, "रंग जरा गडद हाय, पण चव फस्कलास!" जेवण आटोपत आलं तसं मी ताक दिलं. काका म्हणाले, "ह्यो आपलाच फाळ!"

बस्स. मी ओसरीच्या मधोमध उभी राहिले. "काका, पैज मी जिंकले. चारही सोमवार फाळ नव्हताच. तुम्ही दगडाचं ताक प्यायलात!"

मामांचा घास हातातच राहिला. काकांचा हात मिशीकडे गेला.

आत्याबाई तेवढ्या हलल्या नाहीत. "खोटं! मी शिडी चढले ती दगडावर व्हय? दाव, फाळ कुठं हाय?"

"दाखवते!" मी तरातरा आत गेले, काकूंचा कायदा मोडून चिंचवणीत कोपरापर्यंत हात घातला आणि फाळ सगळ्यांसमोर धरला.

वीतभर फाळ आता कसला! कडा खाल्लेल्या, अंगावर खड्डे, पुढचं टोक गायब, आणि काळंकुट्ट पाणी माझ्या हातावरून सारवलेल्या जमिनीवर टपटप गळतंय. वहीच्या पुढच्या पानावर काय होतं, ते मला तेव्हा पान न उलटता आठवलं. 'आंबटात लोखंड फार लवकर उतरतं.'

मी सोमवारचं लोखंड बंद केलं नव्हतं. मी ते रोज दोन वेळा आमटीतून सुरू केलं होतं! कणभर लागतं, आणि मी अख्खं टोक पाजलं होतं.

काका आधी फाळाकडे बघत राहिले, मग पोटाकडे, आणि एकदम उसळले. "म्हंजी फाळ आमी रोजच खात होतो! चव ओळखली ती खरीच! हरलीस तू, इंदे! मामा, सुपारी फोडा!"

"नाही." माझा आवाज मलाच मोठा वाटला. "मी उमापूरला जाणार नाही. हरले असेन तर म्हणूनच जाणार नाही. दोन वर्षं रसायनशास्त्र शिकून जिनं लोखंड लपवायला घरातलं सगळ्यात आंबट मडकं शोधलं, ती अर्धवट शिकलेली मुलगी तुम्ही दुसऱ्याच्या स्वयंपाकघरात पाठवणार? मला पुढचं पान वाचू द्या. नाहीतर पुढचं मडकं उमापूरचं!"

काकांनी मामांकडे पाहिलं.

मामांनी दोन बोटांनी आमटीची वाटी हळूच लांब सरकवली.